पेवातलं रेकॉर्डिंग

परवा पुण्याहून एका मुलाचा फोन आला. आवाज मोठा अदबशीर. "सर, 'हुमणी' बँडमध्ये बास गिटार तुम्हीच वाजवायचात ना? मी दुर्मिळ रेकॉर्डिंग जमवतो. तुमचे पहिले दोन अल्बम मला मिळाले. तिसरा, तो पेवातला, तो खरंच आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

"कुणाकडे?"

"एका ट्रॅक्टरात. बीडकडच्या."

तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. मग त्यानं विचारलं, की त्याचं रीतसर प्रकाशन का नाही केलंत? इथं माझं डोकं फिरलं. प्रकाशन झालं होतं आणि मी तिथं उभा होतो. पुण्यामुंबईला कळलं नाही म्हणजे ते झालंच नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला फार वेळ बोलवत नाही. मी काहीतरी सबब सांगून फोन ठेवला. पण मग दिवसभर नाना काही डोक्यातून गेले नाहीत. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

नाना आमचे ड्रमर. राहणार आष्टा. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, तेही पलटणीच्या बँडमधून. गळ्यात ड्रम अडकवून वाजवत चालायचं, ही त्यांची सगळी नोकरी. गावी परत आल्यावर ऊस, एक म्हैस आणि पेन्शन एवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं. शेजारच्या मळ्यातल्या पंपघरात सुनील, मी आणि आमचा तेव्हाचा ड्रमर असे तिघं पंक रॉक वाजवायचो. सुनील गायचा आणि गिटार वाजवायचा. मी मूळचा साताऱ्याचा, सांगलीला विश्रामबागेत एका ऑफिसात नोकरीला, शनिवारी दुपारी एसटीनं आष्ट्याला जायचो. पुढं ड्रमरचं लग्न झालं आणि सासरच्यांनी त्याला पहिल्या महिन्यातच सुधारलं. त्याच सुमाराला नाना पंपघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुमच्या ह्या दणदणाटानं माझी म्हस पान्हा चोरतीया," ते म्हणाले.

आम्ही माफी मागितली. ते जायला वळले, तेवढ्यात त्यांना ड्रमच्या काठ्या जमिनीवर पडलेल्या दिसल्या. त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी भाकरीवर पाय दिलाय. त्यांनी काठ्या उचलल्या, धोतराच्या सोग्यानं पुसाव्यात तशा रुमालानं पुसल्या, कपाळाला लावल्या आणि ड्रमपुढं बसले. त्या दिवशी म्हशीचं दूध काढायला त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींनाच जावं लागलं.

पंक रॉक म्हणजे काय, हे सुनीलनं त्यांना समजावून सांगितलं. सूर थोडे, वेग भरपूर आणि तोंडावर बोलायचं. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे शिव्या नीट तालात द्याच्या. जमंल की." बँडचं नावही त्यांनीच दिलं. हुमणी ही उसाची मुळं खाणारी अळी. "वरनं ऊस हिरवागार दिसतोय आन् खाली मूळच शिल्लक न्हाई. तुमच्या गाण्यात ह्येच हाय न्हवं सगळं?" आम्ही इंग्रजी नावांची यादी करून ठेवली होती. ती आम्ही गुपचूप फाडून टाकली.

वाजवायला बसताना त्यांचा थाट बघण्यासारखा असायचा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, मिशा विंचरलेल्या, पायात आरसा करावा असे काळे बूट. पंपघरातनं आम्ही आता त्यांच्याच गोठ्यात आलो होतो. हा माणूस शेणाच्या वासात, गोठ्यातल्या बारदानावर ड्रम मांडून बसायचा आणि ताठ मानेनं असलं काही बडवायचा की पत्रे थरथरायचे. मध्ये पाणी नाही, चहा नाही, खोकणं नाही. सुनील जोशात आला की गाणं पळवायला लागायचा. तेव्हा ते न थांबता ओरडायचे, "घाई करू नगंस रं! वेग येगळा, घाई येगळी!" गाणं संपलं की "थम!" अशी परेडीतली आरोळी. आमच्या दोन्ही अल्बमांत प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती आरोळी आहे. ती काढूया असं सुचवायची आमची हिंमत नव्हती.

काढायचं काहीच नाही, हा त्यांचा नियमच होता. दुसऱ्या अल्बममधल्या सगळ्यात चांगल्या गाण्यात मधेच काकींचा आवाज आहे, "आवं, च्या ठिऊ का?" सुनीलनं डोकं आपटून घेतलं. एवढंच कापू, कुणाला कळणार नाही, म्हणून हातापाया पडला. नाना हलले नाहीत. "परेडीत पाऊल चुकलं तर चुकलं. ते काय मागं घेता येतंय व्हय? जसं झालं तसं ऱ्हाणार." आणि गंमत अशी, की लोकांना तेच आवडलं. आमचं प्रकाशन साखर कारखान्याबाहेरच्या रांगेत व्हायचं. उसानं भरलेले ट्रॅक्टर तिथं दिवसदिवस उभे असतात आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर घराएवढे स्पीकर. नाना पेनड्राइव्ह भरून घेऊन जायचे आणि ड्रायव्हरांना वाटायचे. हंगाम संपला की ती गाणी ट्रॅक्टरांबरोबर बीड, जालन्याकडं निघून जायची. काकींचा प्रश्न आला की अख्खी रांग ओरडायची, "ठिवा की!"

त्यांची एक गोष्ट आम्ही पुनःपुन्हा सांगायला लावायचो. भर उन्हाळ्यातली मोठी परेड. नानांच्या शेजारी झांज वाजवणारा जवान ऊन लागून धाडकन कोसळला. "मग?" आम्ही विचारायचो. "मग काय? त्याच्या अंगावरनं पाय टाकला आन् फुडं गेलो. बँड थांबला तर आख्खी परेड मोडती. पडलेल्याला उचलायला मागं मानसं असत्यात. आपुन वाजवायचं." हे ते अभिमानानं सांगायचे आणि आम्ही हसायचो. त्या गोष्टीत काही भयंकर आहे हे तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नाही.

तिसऱ्या अल्बमसाठी जागेचा शोध सुरू झाला. गोठ्यात म्हैस, पंपघरात मोटर. नानांना बाहेरचा कसलाच आवाज नसलेली जागा हवी होती. सांगलीजवळ हरिपूरला त्यांच्या पलटणीतले दोस्त राहायचे, महादू नावाचे. त्यांच्या रानात हळद साठवायचं एक जुनं पेव अजून शाबूत होतं. पेव म्हणजे जमिनीतली खोल कोठी. तोंड एवढं अरुंद की एका वेळी एकच माणूस दोराला धरून उतरेल, आणि खाली घागरीसारखं फुगलेलं, चांगली खोली मांडता येईल एवढं. पूर येऊन गेल्यापासून बहुतेक पेवं बुजली. नाना एकदा त्यात उतरले, टाळी वाजवली आणि वर येऊन म्हणाले, "सातारकर, हितंच."

महादूंनी अटी घातल्या. पेवात वाईट हवा साचते, ती दिसत नाही आणि वासही येत नाही. म्हणून आदल्या दिवसापासून तोंड उघडं ठेवायचं. खाली कंदील जळत ठेवायचा. ज्योत बारीक झाली की वाजवणं सोडून वर यायचं. नानांनी सगळं मान्य केलं आणि वर स्वतःची एक खूण ठरवली. महादू तोंडाशी बसून राहणार. ड्रमचा आवाज चालू आहे तोवर खाली सगळं ठीक. ड्रम थांबला आणि "थम" ऐकू आलं नाही, तर दोर सोडायचा.

सकाळी आम्ही उतरलो. भिंतींना हळदीचा वास मुरलेला होता. बॅटरीवरचे लहान ॲम्प्लिफायर, दोनच ड्रम आणि नानांचा एक हातात मावणारा रेकॉर्डर. दोन गाणी झाली. आवाज असा काही घुमत होता की छातीत हलायचं. तिसरं गाणं होतं 'नंबर', कारखान्याकडून ऊसतोडीची पाळी मिळण्याची वाट बघणाऱ्या माणसाचं. "आमचा नंबर कवा, आमचा नंबर कवा, ऊस वाळला तवा का जीव गेला तवा." सुनीलला ते अनेक महिने जमत नव्हतं. त्या दिवशी त्यानं पहिली ओळ म्हटली आणि मी नानांकडं पाहिलं. नानांनीही माझ्याकडं पाहिलं. आणि नेमकी तेव्हाच वर रस्त्यावर वरात आली. बेंजो, ताशा, सगळा गोंधळ थेट पेवात उतरला.

सुनील चिडून रडायच्या बेताला आला. "नाना, आता गेलं तर परत न्हाई याचं ह्ये. तोंड झाका की जरा."

नानांनी कंदिलाकडं पाहिलं. ज्योत चांगली होती. "महादू," ते वर तोंड करून म्हणाले, "ताडपत्री वढ रं. एक गानं हुईस्तवर."

महादू कुरकुरले, पण त्यांनी ताडपत्री ओढली, कडेला पोती दाबली. अंधार झाला. कंदील तेवढा उरला. बेंजो लांब गेल्यासारखा झाला. आणि सुनील गायला लागला.

तसं गाणं मी त्याच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं. माझी बोटं आपोआप चालत होती. थोड्या वेळानं मला डोकं जड वाटायला लागलं, पण ते गाण्यामुळंच असेल असं वाटलं. कंदील नानांच्या समोर होता. ज्योत खाली बसत होती, निळसर होत होती. ते बघत होते हे मला दिसत होतं. ते थांबले नाहीत. आता संपेलच, एवढं कडवं झालं की संपेल, असं त्यांना वाटलं असणार. शेवटच्या ओळीला सुनीलचा आवाज मध्येच तुटला आणि तो गिटारीसकट खाली गेला. मी भिंतीला टेकलो. मला उठता येईना. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं, की अंधारात ड्रम वाजत होता, मग वाजायचा थांबला. पुढं दोर, वरातीतल्या माणसांचे हात आणि डोळ्यांत घुसणारं ऊन.

सुनील वाचला. सांगलीच्या दवाखान्यात काही दिवस पडून राहिला आणि चांगला धडधाकट होऊन बाहेर आला. पण नानांनी ड्रम माळ्यावर टाकले, त्यांवर युरियाची रिकामी पोती घातली आणि रेकॉर्डर पलटणीतल्या काळ्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. त्या दिवसाबद्दल ते एक अक्षर बोलेनात. सुनील पुण्याला नोकरीला गेला. तिथून मला फोन करायचा, ते गाणं नानांकडून मिळवून दे म्हणायचा. मी नानांना विचारलं की ते म्हणायचे, "म्हशीला वैरन टाकायची हाय, सातारकर," आणि उठून जायचे.

शेवटी गेल्या हंगामात सुनील स्वतः मोटरसायकल घेऊन आष्ट्याला आला. मला बोलावून घेतलं होतं. नाना घराच्या बाहेरच्या सोप्यात बसले होते. सुनीलनं चपलाही काढल्या नाहीत.

"नाना, मी मेलो न्हाई. मग बँड का मेला?"

नानांनी त्याच्या चपलांकडं पाहिलं.

"जल्मात एकदाच मी तसं गायलोय. पुन्यात रोज सकाळी उठतोय आन् तसा आवाज काढून बगतोय, येत न्हाई. त्यो एकदाच आला आन् तुमी कुलपात घातला. ते गानं माजं हाय. मला ते लोकांफुडं आणायचंय. तुमचा काय हक्क?"

मला वाटलं, नाना आता उठतील आणि त्याला हाकलून देतील. ते उठले खरे. आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि रेकॉर्डर घेऊन परत आले. जुन्या टेपला तो त्यांनी वायरीनं जोडला. 

"ऐक," ते म्हणाले. "पन आख्खं ऐकायचं. मदी उठलास तर परत माज्या दारात येऊ नगंस."

गाणं सुरू झालं. सुनीलचे डोळे भरून आले. खरंच तसं गाणं नाही. मग तो तुटलेला आवाज, पडलेल्या गिटारीची एक घरघर, आणि त्यावर ड्रम. एकटा ड्रम, एकाही ठोक्याची चूक नाही, पलटणीत वाजायचा तसा. तो चालूच राहिला. आपण पडल्यावर नाना वाजवतच होते, हे सुनीलला तोवर माहीत नव्हतं. त्यानं मान वर करून नानांकडं पाहिलं. नाना भिंतीकडं बघत होते.  ड्रम चालू आहे तोवर महादू ताडपत्री काढणार नव्हते, ही खूण नानांनीच ठरवलेली होती.

मग ड्रम थांबला. "थम" आलंच नाही. आणि मग एक आवाज आला, तो नानांचा आहे हे मला आधी ओळखूच आलं नाही.

"सुन्या... ए सुन्या... ऊठ रं लेकरा. मी वाजवत बसलो रं. मला वाटलं परेड हाय. ऊठ की रं. महादू! आरं महादू, काड की ती ताडपत्री! सुन्या, तुझ्या पाया पडतो, डोळं उघड..."

लहान मूल रडतं तसं ते हुंदके देऊन रडत होते. सुनीलनं टेप बंद करायला हात पुढं केला. नानांनी त्याचं मनगट धरलं. "आख्खं म्हनलं न्हवं?" ताडपत्री ओढल्याची खरखर आली, बेंजो मोठा झाला, महादूंच्या हाका आल्या, दोर घासल्याचा आवाज आला, आणि मग ते संपलं.

काकी आतल्या दारात उभ्या होत्या. "ह्ये तुमी हाय?" त्यांनी विचारलं. नानांनी होकारार्थी मान हलवली. काकी आत गेल्या आणि बराच वेळ आतून भांड्याचाही आवाज आला नाही.

सुनील खाली बसला. "नगं नाना," तो म्हणाला. "न्हाई काडायचं ह्ये कुटंच. ठिवा परत ट्रंकंत."

"का?"

"तुमची अब्रू हाय ती."

"मग तू कापून घे की. गानं तेवढं ठिव. तुजं गानं हाय."

"कापू द्याल?"

नानांनी रेकॉर्डरची वायर सोडवली.  "न्हाई," ते म्हणाले. "दुसऱ्याचं काय कापू दिलं न्हाई आन् सोताचं कापू व्हय? इतकी सालं एकाच मानसाची भीती वाटत हुती, सुन्या. तुजी. तू ऐकलंस. आता कुनीबी ऐकू दे."

हंगामाचे शेवटचे दिवस होते. कारखान्याबाहेर रांग होती, पण नेहमीसारखी लांब नव्हती. दुपारचं ऊन. नाना बूट चकाकवून, शर्ट खोचून आले होते. सुनील आणि मी त्यांच्या मागं उभे होतो. एका ओळखीच्या ड्रायव्हरनं पेनड्राइव्ह घेतला आणि हसून म्हणाला, "लय दिसानी आला हवालदार!" मागचे पुढचे सगळे गोळा झाले. काही जण चाकाच्या सावलीत बसले. स्पीकर दणाणला.

लोकांनी पहिल्याच ओळीला दाद दिली. "आमचा नंबर कवा" म्हणायला रांगेतल्या माणसांना शिकवावं लागत नाही. दुसऱ्या वेळी ते सुनीलबरोबर ओरडत होते. सुनीलचा चेहरा उजळलेला होता आणि तरीही त्याचं सगळं लक्ष नानांवर होतं. मग आवाज तुटला. एकटा ड्रम सुरू झाला आणि लोकांना तेही आवडलं. एकानं मडगार्डवर ठेका धरला. दोघांनी शिट्ट्या मारल्या.  नाना पांढरेफटक पडले होते, पण जागचे हलले नाहीत.

ड्रम थांबला आणि रडणं सुरू झालं.

ठेका धरलेला हात हवेतच राहिला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. त्या मोठ्या स्पीकरमधून तो आवाज उसाच्या मोळ्यांवरून, लोकांच्या डोक्यांवरून पार कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत जात होता. "मी वाजवत बसलो रं..." ड्रायव्हर घाबरला. चुकून भलतंच काहीतरी लागलंय असं त्याला वाटलं. तो धावत केबिनमध्ये चढला आणि बटणाकडं हात नेला. नानांनी पायरीवर पाय ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"ऱ्हाऊ दे, गड्या. त्यो मीच हाय."

ड्रायव्हरनं हात मागं घेतला. नाना खाली उतरले, ट्रॅक्टरला पाठ लावून लोकांकडं तोंड करून उभे राहिले. मान खाली घातली नाही. पुढची रांग सरकली, समोर दोन गाड्यांची जागा मोकळी झाली. त्या रांगेत एवढ्या जागेसाठी मारामाऱ्या होतात. रडणं चालू होतं तोवर कुणी ट्रॅक्टर पुढं घेतला नाही, आणि मागून एकही हॉर्न वाजला नाही.